पहिले घर घेताना : पैसा कुणाचा, नाव कुणाचे?

निकाह होतो, वर्ष-दोन वर्षे सासरच्या एका खोलीत निघतात, पहिले मूल होते आणि तरुण जोडप्याला स्वतःच्या घराची गरज भासू लागते. ज्याला दरमहा ठरावीक पगार आहे, त्याच्यासाठी हा हिशेब तुलनेने सोपा असतो. परंतु आमचे बहुसंख्य वाचक दुकानदार, फेरीवाले, यंत्रमागधारक, सुतार, वेल्डर, शिलाईवाले व गॅरेजवाले आहेत. त्यांची कमाई रोजची, कमी-जास्त आणि बरीचशी रोख. म्हणून त्यांच्या घराचा पैसाही एका ठिकाणाहून येत नाही. थोडी बचत, थोडे भिशीचे, पत्नीचे दागिने, अब्बांची मदत आणि मामूंकडून घेतलेली रक्कम, असे सारे मिळून घर उभे राहते.

घर उभे राहते. परंतु कुणी किती दिले हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. दुकानात पन्नास रुपयांची उधारी वहीत टिपून ठेवणारा आमचा व्यापारी बंधू घराच्या लाखो रुपयांबाबत म्हणतो, "घरातल्या घरात काय लिहायचे?" पुढे भाऊ वेगळे होतात, कुणी अल्लाहला प्यारा होतो, आणि मग त्याच घरात भांडण शिरते. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, ही शिकवण सूरह अल-बकराच्या २८२व्या आयतीत आहे. आणि ती कुरआनातील सर्वांत मोठी आयत आहे. ही शिकवण केवळ परक्यांसाठी आहे काय? नाही. पहिले घर घेताना पैसा कुणाचा व नाव कुणाचे हे आधी लिहावे, एवढीच गोष्ट आज आम्ही एका उदाहरणाच्या आधारे समजावून घेणार आहोत.

१. परवडणारे घर कोणते?

समजा, एका तालुक्याच्या गावी पतीचे ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचे छोटे वर्कशॉप आहे आणि पत्नी घरी शिलाईकाम करते. त्यांनी पाहिलेली सदनिका २४ लाखांची असून इमारत पूर्ण झालेली आहे. ही २४ लाखांची रक्कम म्हणजे संपूर्ण खर्च नव्हे. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क ठिकाणानुसार साधारणपणे ४ ते ७ टक्के पडते. ६ टक्के धरले तर १,४४,००० रुपये. नोंदणी शुल्क १ टक्का, म्हणजे २४,००० रुपये. हे १,६८,००० रुपये झाले. वकील, सोसायटीचे हस्तांतरण, वीज मीटर आणि किरकोळ दुरुस्ती वेगळी. बांधकाम चालू असलेल्या इमारतीत घर घेतल्यास त्यावर जीएसटीही लागतो. एप्रिल २०१९ पासून परवडणाऱ्या घरांना तो १ टक्का व इतर घरांना ५ टक्के आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या सदनिकेवर तो लागत नाही.

दुसरा नियम आमच्या बंधूंसाठी फार महत्त्वाचा आहे. धंद्याचे भांडवल घरात घालू नये. कच्चा माल घ्यावयाचा पैसा बयाण्यात गेला की दोन महिन्यांत माल उधारीवर येऊ लागतो, भाव चढा लागतो आणि नफा आटतो. मग ज्या कमाईतून हप्ता द्यावयाचा, तीच कमी होते. वर्कशॉप विकून घेतलेले घर टिकत नाही. वर्कशॉप चालू राहिले तर घर आज ना उद्या होते.

हप्ता किती झेपेल हे ठरविण्यासाठी मागील २४ महिन्यांची कमाई लिहून काढावी आणि त्यांतील सर्वांत मंद सहा महिन्यांची सरासरी धरावी. रमजान-ईदच्या अथवा लग्नसराईच्या कमाईवर हप्ता बांधू नये. तो पैसा जादा भरणा करण्यासाठी राखून ठेवावा. आमच्या उदाहरणातील जोडप्याला या हिशेबाने महिन्याला १५,००० रुपये झेपतात असे धरू. वरचा खर्च त्यांनी वेगळा जमविला आहे. घरासाठी पतीची बचत ९ लाख आणि पत्नीचे महर व दागिने मिळून ३ लाख, असे १२ लाख हाती आहेत. आणखी १२ लाख हवेत.

२. उरलेले १२ लाख कोठून?

बँकेचे गृहकर्ज हा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग आहे. तथापि व्याज टाळू इच्छिणाऱ्यांसाठी भारतातील बँकांत दुसरी सोय आजवर झालेली नाही. रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००८ मध्ये व्याजविरहित बँकिंगची शिफारस केली होती. परंतु हा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय घेतल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये माहिती अधिकारातील उत्तरात सांगितले. तेव्हा मार्ग कुटुंबात व बिरादरीतच शोधावा लागतो.

पहिला मार्ग कर्ज-ए-हसनाचा. जेवढे घेतले तेवढेच परत करावयाचे. हा सर्वांत सुंदर मार्ग आहे, परंतु १२ लाख रुपये आठ-आठ वर्षे बिनमोबदला ठेवणारा माणूस क्वचितच भेटतो. दुसरा मार्ग घटत्या भागीदारीचा. पाकिस्तानातील व ब्रिटनमधील इस्लामी बँका घरासाठी हीच पद्धत वापरतात. ती दोन नातेवाइकांतही वापरता येते.

समजा, मामू १२ लाख घालून निम्म्या घराचे भागीदार झाले. घराचे १०० भाग केले तर एक भाग २४,००० रुपयांचा. जोडप्याचे ५० भाग, मामूंचे ५०. त्या भागात अशा घराचे बाजारभावाने भाडे ६,००० रुपये असेल, तर मामूंच्या निम्म्या हिश्शाचे भाडे ३,००० रुपये होते. जोडपे ते दरमहा देते आणि त्याशिवाय १२,००० रुपये बाजूला काढून दर दोन महिन्यांनी मामूंचा एक भाग विकत घेते. प्रत्येक भागासरशी भाडे ६० रुपयांनी उतरते. पहिल्या वर्षाअखेर सहा भाग जोडप्याकडे येतात व भाडे २,६४० रुपये राहते. पाच वर्षांनी मामूंचे २० भाग उरतात व भाडे १,२०० रुपये होते. १०० महिन्यांत, म्हणजे ८ वर्षे ४ महिन्यांत, सर्व ५० भाग जोडप्याचे होतात. या काळात दिलेले एकूण भाडे १,५३,००० रुपये भरते.

तुलनेसाठी पाहा. हेच १२ लाख ९ टक्के व्याजाने १०० महिन्यांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १७,१०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ५ लाख १० हजार रुपये होते. हा फरक का पडतो? आमच्या उदाहरणातील घराचे वार्षिक भाडे किमतीच्या ३ टक्केच आहे, शिवाय मामूंनी आपले भाग मूळ भावानेच दिले आहेत. म्हणजे त्यांनी घराच्या वाढत्या किमतीवर पाणी सोडले. हे त्यांचे उपकार आहेत, ते हक्काचे मानू नयेत. भाग मूळ भावाने द्यावयाचे की वेळोवेळी किंमत काढून, हे पहिल्याच दिवशी ठरवावे.

भागीदारी आणि कर्ज यांत खरा भेद जोखमीचा आहे. भागीदार घराच्या नुकसानीतही आपल्या हिश्शाने भागीदार असतो. घरपट्टी व मोठी दुरुस्ती हिश्शाप्रमाणे वाटून घ्यावी. रोजच्या वापरातील किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी. धंदा मंदावला तर भाग घेणे काही महिने थांबते, भाडे मात्र चालू राहते. त्यावर दंड अथवा चक्रवाढ नसते.

येथे एक अडचण स्पष्ट सांगितली पाहिजे. शेवटी मामूंचा हिस्सा जोडप्याच्या नावे करताना त्या हिश्शावर पुन्हा मुद्रांक शुल्क लागते, आणि तेही त्या वेळच्या बाजारमूल्यावर. मूल्य १२ लाखच राहिले असे धरले तरी ६ टक्क्यांनी ७२,००० रुपये होतात. ब्रिटनमध्ये अशीच दुहेरी शुल्काची अडचण होती. ती तेथील सरकारने २००३ च्या वित्त कायद्याने दूर केली. आपल्याकडे अशी सवलत नाही, म्हणून ही रक्कम आरंभीच खर्चात धरावी. भागीदार मामूंऐवजी सख्खे अब्बा असतील आणि त्यांनी आपला हिस्सा खरोखरच मुलाला बक्षीस दिला, तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या अशा बक्षीसपत्राला मूळ मुद्रांक शुल्क केवळ २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. मात्र पैसे घेऊन विकलेल्या हिश्शाला बक्षीस म्हणणे हे खोटे लिहिणे होय. ते करू नये.

३. नाव आणि वाटा

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. आमच्या उदाहरणात खरेदीखतावर तिघांची नावे यावयास हवीत आणि त्यांचे वाटेही. पती साडेसदतीस टक्के, पत्नी साडेबारा टक्के, मामू पन्नास टक्के. प्रत्यक्षात काय होते? पत्नीचे दागिने सराफाकडे जातात, पैसा घरात जिरतो आणि कागदावर फक्त पतीचे नाव येते. यात कुणाचा वाईट हेतू असतो असे नाही. "तिचे-माझे काय वेगळे आहे?" असे पती प्रेमानेच म्हणतो. परंतु महर व दागिने ही पत्नीची स्वतंत्र मिळकत आहे. लग्नाने ती पतीची होत नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. मामूंचे सर्व भाग पतीने आपल्या कमाईतून घेतले, घर पूर्ण झाले आणि काही वर्षांनी पतीचे निधन झाले. मुले आहेत, म्हणून वारशात पत्नीचा वाटा एक अष्टमांश. कागदावर २४ लाखांचे संपूर्ण घर पतीचे असेल, तर तिला ३ लाखांचा वाटा मिळतो. म्हणजे तिने घातलेले ३ लाखच तिच्याकडे परत आले, वारसा म्हणून काहीही नाही! तेच तिचे ३ लाख कागदावर तिचे म्हणून लिहिलेले असते, तर ते आधी बाजूला निघाले असते. उरलेल्या २१ लाखांचा अष्टमांश २,६२,५०० रुपये तिला वेगळा मिळाला असता. एकूण ५,६२,५०० रुपये. एका ओळीच्या नोंदीने पडलेला हा फरक आहे. घराची किंमत वाढली तर हा फरकही वाढतो.

पत्नीला महर द्यावयाचे राहिले असेल तर ते पतीवरचे कर्ज आहे आणि वाटण्या करण्यापूर्वी ते फेडावयाचे असते, हेही ध्यानात ठेवावे.

बँकेचे कर्ज घेणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. कर्जाच्या अर्जावर सहअर्जदार म्हणून पत्नीची सही घेतली जाते, त्यामुळे फेडण्याची जबाबदारी तिच्यावर येते. परंतु केवळ कर्जावर सही केल्याने ती घराची मालक होत नाही. मालकी खरेदीखतातील नावाने येते. सही कर्जावर आणि नाव मात्र कोठेच नाही, ही स्थिती अन्यायाची आहे.

याची दुसरी बाजूही सांगावयास हवी. घर केवळ स्त्रीच्या नावे घेतल्यास महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते. पतीचे नाव जोडले की ती मिळत नाही. आमच्या उदाहरणात ही बचत २४,००० रुपये होते. तेवढ्यासाठी पतीचा व मामूंचा सारा पैसा पत्नीच्या नावे लिहिणे योग्य नव्हे. पतीला खरोखरच ते घर पत्नीला द्यावयाचे असेल तर तसा हिबा करावा आणि तो लिहावा. नसेल तर ज्याचा जेवढा पैसा, त्याचे तेवढे नाव.

सामाईक धंद्यात भावाभावांचेही असेच होते. तिघे भाऊ एकाच दुकानावर राबतात, गल्ला एकच असतो आणि घर थोरल्याच्या नावे होते. धाकट्यांची समजूत असते की घर सर्वांचे आहे. परंतु एकत्र कुटुंबाची मिळकत ही हिंदू कायद्यातील संकल्पना मुस्लिम कायद्यात नाही. कागद थोरल्याचा असेल तर आपला पैसा त्यात होता हे धाकट्यांना सिद्ध करावे लागते, आणि रोखीच्या गल्ल्याची नोंद कोठून आणणार? थोरला हयात असेपर्यंत प्रश्न उठत नाही. तो गेल्यानंतर त्याचे वारस त्याच्या नावचे घर आपले समजतात, आणि कायद्याच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते.

सोसायटीतील नामनिर्देशनाबद्दलही गैरसमज आहे. नॉमिनी म्हणून ज्याचे नाव दिले तो मालक होत नाही. वारसांच्या वतीने तो केवळ विश्वस्त असतो. नॉमिनेशन अवश्य करावे, परंतु त्याने वारसाचा प्रश्न सुटला असे मानू नये.

४. घराचे स्वतःचे कागद

पैशाचे कागद चोख असले आणि घराचेच खोटे निघाले तर सारेच गेले. घाईत स्वस्त घर घेणारा बहुधा आमचाच कारागीर बंधू असतो. शिळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ रोजी कोसळलेली अनधिकृत इमारत ७४ जणांचे प्राण घेऊन गेली. महाड येथे ऑगस्ट २०२० मध्ये कोसळलेली इमारत तर फार जुनीही नव्हती. म्हणून बयाणा देण्यापूर्वी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) सातबारा अथवा मिळकत पत्रिका. त्यातील 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचावा. बोजा, कूळ, इनाम अथवा वक्फची नोंद असेल तर तेथेच थांबावे. वक्फची जमीन विकता येत नाही. स्वस्तात मिळाली तरी ती आपली होत नाही.

(२) वकिलाकडून ३० वर्षांचा शोध अहवाल.

(३) बिगरशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र. नगरपालिका घरपट्टी घेते म्हणून इमारत अधिकृत ठरत नाही. घरपट्टी अनधिकृत बांधकामालाही लागते.

(४) नवी इमारत असल्यास महारेराचा नोंदणी क्रमांक. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील तर नोंदणीची सक्ती नाही, म्हणून लहान इमारतीत अधिक सावध राहावे. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्यापूर्वी १० टक्क्यांहून अधिक रक्कम बिल्डरला घेता येत नाही.

(५) नोंदणीकृत दस्त. नोटरी केलेल्या बॉण्डपेपरने मालकी येत नाही. पूर्वी तो शंभरचा असे, ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेचा झाला. किंमत वाढल्याने त्याची ताकद वाढली नाही. केवळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत दस्त नोंदवावा.

(६) पैसा बँकेमार्फत द्यावा. २०१५ पासून स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रक्कम रोखीने घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे. शिवाय रोख दिलेला पैसा वादाच्या वेळी सिद्ध करणे कठीण जाते. त्यासाठी आपली कमाईही आधीपासून बँकेत व हिशेबात दिसली पाहिजे.

मुंबई व आसपासच्या वाचकांसाठी आणखी दोन शब्द. पागडीची खोली म्हणजे मालकी नव्हे. तो भाडेकरूचा हक्क आहे. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणे-देणे वैध झाले आहे, तरीही व्यवहार घरमालकाच्या लेखी संमतीने व पावतीनेच करावा. 'हेवी डिपॉझिट' हा तर याहून नाजूक प्रकार. पाच-सात लाख रुपये मालकाकडे ठेवून बिनभाड्याने राहणे अनेकांना घर घेतल्यासारखे वाटते. मालकाने तीच सदनिका बँकेत गहाण ठेवली असेल व कर्ज थकले, तर डिपॉझिट अडकते आणि डोक्यावरचे छप्परही जाते. शिवाय ठेवलेल्या रकमेच्या बदल्यात भाडे माफ होणे म्हणजे कर्जावर लाभ घेणे, असा आक्षेप अनेक आलिम घेतात. अशा ठिकाणी राहावेच लागले तर करार नोंदवून घ्यावा आणि मुदत कमी ठेवावी.

५. बयाण्यापूर्वी लिहावयाचा कागद

हे सारे वाचून वाचक विचारतील की सुरुवात कोठून करावी? आम्ही सुचवितो की घर पसंत पडल्यावर आणि बयाणा देण्यापूर्वी कुटुंबाने एकत्र बसावे आणि एका कागदावर पुढील बाबी लिहाव्यात :

• प्रत्येकाने किती रक्कम दिली, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून.
• ती रक्कम बक्षीस, कर्ज की भागीदारी, यांपैकी नेमकी काय.
• कर्ज असल्यास मुदत. भागीदारी असल्यास भागांची संख्या, भाव व भाडे.
• पत्नीचे दागिने विकले असल्यास त्यांचे वजन, सराफाची पावती व मिळालेली रक्कम.
• भागीदाराला मध्येच पैसा हवा झाल्यास काय करावयाचे. परक्याला विकण्यापूर्वी घरातल्यांना संधी द्यावी. सहमालकाचा शुफ्आचा हक्क मुस्लिम कायद्यात मान्य आहे, तरीही तो लिहावा.
• कुणाचे निधन झाल्यास त्याचे वारस हा करार पुढे पाळतील.

त्यावर सर्वांच्या सह्या व दोन साक्षीदार घ्यावेत. हा कागद खरेदीखताची जागा घेत नाही. तो वकिलाकडे न्यावा आणि त्यातील नावे व वाटे खरेदीखतात उतरवून घ्यावेत. भागीदारीचा करार वेगळा, रीतसर करावा. त्यानंतर दिलेल्या प्रत्येक भागाची पावती एका फाइलमध्ये ठेवावी आणि त्या फाइलची एक प्रत पत्नीकडे असावी. मामूंनाही मिळणारे भाडे व भागांच्या विक्रीतील नफा आपल्या आयकराच्या हिशेबात दाखवावा लागेल, हे त्यांना आधीच सांगावे.

काही घरांत वडीलधारी मंडळी म्हणतील की लिहून घेणे म्हणजे अविश्वास दाखविणे. त्यांना नम्रपणे सांगावे की मामूंचे १२ लाख ही आपल्याकडे असलेली अमानत आहे, आणि उद्या आपण नसलो तरी त्यांना ती मिळावी म्हणूनच हा कागद करीत आहोत. आपल्या पश्चात पत्नीला मुलांसमोर दागिन्यांचा हिशेब मांडावा लागू नये, म्हणूनही तो आहे. ज्यांची घरे आधीच झाली आहेत, त्यांनीही निराश होऊ नये. देणारे व घेणारे हयात आहेत, आठवणी ताज्या आहेत, तोवर या जुम्याला एकत्र बसून हिशेब लिहिता येतो.